"तुमचं पहिलंच भारी होतं" म्हणणाऱ्या गिऱ्हाईकाचं काय करायचं?



धंदा सुरू करून दोन-अडीच वर्षं झाली की एक वाक्य कानावर येतंच येतं. "तुमचं आधीचं होतं ना, तेच भारी होतं. आता ती मजा नाही." मसाला असो, केक असो, कुर्ते असोत नाहीतर क्लास असो, हे वाक्य चुकत नाही. बोलणारा सहज बोलून जातो, आपल्या मात्र पोटात गोळा येतो. मग काही जण दुसऱ्या दिवशी जुनी रेसिपी परत काढतात. काही जण "यांना काय कळतंय" म्हणून विषय सोडून देतात. मला दोन्ही पटत नाही, आणि का पटत नाही ते परवाच्या व्हिडिओत वेळेअभावी नीट सांगता आलं नव्हतं. म्हणून हा लेख.

उदाहरण मुद्दाम आपल्या बाजारपेठेच्या पार बाहेरचं घेतलंय. मसाल्याचं उदाहरण दिलं की मसालावाले मान डोलावतात आणि कपडेवाले चहा प्यायला उठतात. हे उदाहरण सगळ्यांनाच सारखं परकं आहे.

अमेरिकेत जॉर्जिया राज्यात, अटलांटा शहराजवळ, डग्लसव्हिल नावाचं गाव आहे. तिथल्या पोरांचा एक बँड आहे, नॉर्मा जीन. (मॅरिलिन मन्रोचं मूळ नाव नॉर्मा जीन, तिथूनच हे नाव आलं.) या बँडने ऑगस्ट २००२ मध्ये 'ब्लेस द मार्टर अँड किस द चाइल्ड' नावाचा अल्बम काढला. या नावाने काढलेला हा त्यांचा पहिलाच अल्बम. तासाभराच्या आसपासचा ऐवज. संगीताचा प्रकार मेटलकोर आणि बँडमधले लोक ख्रिश्चन श्रद्धेचे, म्हणून लोक याला ख्रिश्चन मेटलकोर म्हणतात.

मेटलकोर म्हणजे काय, हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. हेवी मेटलच्या जड गिटारी आणि हार्डकोर पंकचा राग एकत्र केला की जे होतं ते. गायक गात नाही, ओरडतो, अगदी घसा फाटेस्तोवर. मधेच ताल एकदम संथ आणि जड होतो, त्याला ब्रेकडाउन म्हणतात, आणि समोरची गर्दी तिथे अंगात आल्यासारखी नाचते. घरात लावलं तर आई येऊन विचारते, काय बिघडलंय. आणि अशा आरडाओरड्यातून ही मंडळी देवाधर्माबद्दल बोलतात.

हे उदाहरण निवडायचं खरं कारण म्हणजे मेटल ऐकणारा श्रोता. याच्याइतकं तोंडाळ गिऱ्हाईक जगात दुसरं नसेल. एका अल्बमवर तो वीस-वीस वर्षं भांडतो, आणि त्याला कुणी पैसे दिलेले नसतात. आपल्याला तीन ओळींचा फीडबॅक मिळवायला कस्टमरच्या मागे लागावं लागतं. इथे ढीग पडलाय, तोही फुकट. वाचायची नजर असेल तर धंद्याचं अर्धं शिक्षण त्यात आहे.

आता गंमत बघा. भांडण सुरू होतं ते थेट पहिल्या प्रश्नापासून: हा यांचा पहिला अल्बम आहे का?

कारण हीच मंडळी आधी लुटी-क्रिस या नावाने वाजवायची. त्या नावाने २००१ मध्ये 'थ्रोइंग मायसेल्फ' नावाचा अल्बम निघाला होता. त्याचा बाज वेगळा होता. त्या काळी चलतीत असलेलं न्यू-मेटल, सोबत डीजे, टर्नटेबल वगैरे. आणि त्याच सुमाराला त्याच अटलांटातून एक रॅपर देशभर गाजायला लागला. त्याचं नाव लुडाक्रिस. अमेरिकन उच्चारात दोन्ही नावं एकसारखी ऐकू येतात. पोस्टरवर नाव बघून रॅप ऐकायला लोक आले आणि समोर पाच-सहा पोरं किंचाळायला लागली, तर काय होणार? यांनी नाव सोडलं. नाव सोडताना संगीताचा बाजही सोडला. टर्नटेबल गेलं, गिटारी आणखी वेड्यावाकड्या झाल्या.

इथे जरा थांबतो, कारण नावावरून घोळ झालेले आपल्यातही कमी नाहीत. आपल्या ट्रेडमार्क खात्याच्या सार्वजनिक शोधात उच्चारावरून नाव शोधायची सोय आहे, आणि ती कुणालाही फुकट वापरता येते. स्पेलिंग वेगळं असलं तरी ऐकायला सारखं असलेलं नाव तिथे सापडतं. मसाल्यांचा वर्ग ३०, कपड्यांचा २५. बोर्ड रंगवायच्या आधी दहा मिनिटं तिथे घालवा. लुटी-क्रिसवाल्यांना एका अल्बमनंतर नाव टाकून द्यावं लागलं, आणि ते तरुण होते म्हणून त्यांना ते परवडलं. पाच वर्षांचं गिऱ्हाईक ज्या नावावर जमलंय ते टाकणं परवडत नाही.

असो. अल्बमकडे येतो.

तो बाजारात आणला सॉलिड स्टेट या कंपनीने. सिॲटलच्या टूथ अँड नेल या लेबलने जड संगीतासाठी १९९७ मध्ये काढलेली ही शाखा. यांच्या धंद्याची एक गंमत समजून घ्या, कारण श्रोत्यांची निम्मी मतं तिथून निघतात. अमेरिकेत ख्रिश्चन संगीताची वेगळी बाजारपेठ आहे. धार्मिक पुस्तकांची दुकानं असतात, तिथे बायबलच्या पलीकडच्या कपाटात सीडी असायच्या. स्वतंत्र रेडिओ, स्वतंत्र उत्सव. इलिनॉयमध्ये कॉर्नरस्टोन नावाचा मोठा उत्सव १९८४ पासून २०१२ पर्यंत भरायचा. सॉलिड स्टेटचा माल या दुकानांतही जायचा आणि नेहमीच्या रेकॉर्डच्या दुकानांतही. म्हणजे एकच सीडी दोन शेल्फांवर, आणि दोन शेल्फांसमोर उभं असलेलं गिऱ्हाईक पूर्ण वेगळं.

धार्मिक दुकानात कोण यायचं? सोळा वर्षांचा पोरगा आणि त्याची आई. ऐकणार पोरगा, पैसे देणार आई. आईला लेबल बघून बरं वाटायचं, की चला, निदान संगत तरी चांगली आहे. सीडी घरी जाऊन लागली की तिचं मत बदलायचं, ते सोडा. पोराला मात्र हे घबाड होतं. वर्गातली बाकीची पोरं जे ऐकतात तितकंच कडक काहीतरी, आणि घरातून परवानगी असलेलं! या पोरांनी या अल्बमबद्दल पुढे जे काही म्हटलंय त्यात संगीताइतकीच ही सुटकेची भावना आहे. त्यांना तो अल्बम 'उत्तम' वाटतो, कारण तो त्यांना त्या वयात, त्या घरात मिळाला.

नेहमीच्या दुकानातला श्रोता दुसऱ्या टोकाचा. तो आधीच कन्व्हर्ज आणि बॉच ऐकून आलेला. कन्व्हर्जचा 'जेन डो' २००१ चा, बॉचचा 'वी आर द रोमन्स' १९९९ चा. ही दोन्ही नावं या संगीतात मोठी, आणि नॉर्मा जीनवर त्यांची छाप आहे हे कुणालाही ऐकू येतं. त्यामुळे या जाणकार मंडळींचं मत ठरलेलं: ही कॉपी आहे, मूळ माल आमच्याकडे आहे. त्यात आणखी एक उपप्रकार असा, की धर्माचं लेबल बघितलं आणि सीडी परत ठेवून दिली, ऐकलीच नाही. आणि तिसरा, ज्याला धर्माशी देणंघेणं नाही, गिटारी आवडल्या, विषय संपला.

कॉपीच्या आरोपाबद्दल माझं मत सांगतो. आरोपात तथ्य आहे, पण तो करणारा माणूस हा या अल्बमचा मुख्य गिऱ्हाईक नव्हताच. ज्याने बॉच ऐकलंय त्याच्यासाठी नॉर्मा जीन दुसरी आवृत्ती. ज्याच्या गावात बॉच कधी पोचलंच नाही, त्याच्यासाठी हीच पहिली. धार्मिक दुकानाच्या कपाटात झाओ, लिव्हिंग सॅक्रिफाइस असे सॉलिड स्टेटचे जड बँड आधीपासून होते, नाही असं नाही. पण इतका मोडलेला ताल, इतका अंगावर येणारा गोंधळ तिथे दुर्मिळ होता. तालुक्याच्या गावात पहिला मोमोवाला बसतो तेव्हा त्याला कुणी विचारत नाही, की बाबा, हे तर ईशान्येत शंभर वर्षं मिळतंय. पुण्याहून आलेला भाचा विचारतो. भाच्याचं म्हणणं बरोबर असतं, पण गल्ला त्याच्यावर चालत नाही.

मग भाच्याचं ऐकायचंच नाही का? ऐकायचं. तो पुढच्या दोन वर्षांत काय होणार ते सांगतोय. एकदा गिऱ्हाईकाने मूळ माल चाखला की तुमची फक्त नवलाई उरत नाही, तुमचं स्वतःचं काहीतरी लागतं. नॉर्मा जीनकडे ते होतं का? होतं असं मला वाटतं. उदाहरणार्थ 'मेम्फिस विल बी लेड टू वेस्ट' हे गाणं. यात फिलाडेल्फियाच्या मीविदाउटयू या बँडचा गायक ॲरन वाइस पाहुणा म्हणून येतो. सगळा आरडाओरडा चालू असताना हा माणूस अर्धवट बोलत, अर्धवट रडवेल्या आवाजात शिरतो आणि गाण्याचं वजनच बदलतं. ज्यांना अख्खा अल्बम सहन होत नाही, त्यांनाही हे एक गाणं आवडतं, असं वारंवार दिसतं. ही युक्ती कॉपी नाही, ती निवड आहे. आपल्या मालात जी उणीव आहे ती पाहुण्याकडून भरून घ्यायची.

आता आवाजाच्या दर्जाचं बघू. अल्बमचं काम बघितलं ॲडम डट्कीविझ याने. किलस्विच एंगेज या बँडचा हा गिटारवादक, पुढे या संगीतातला नावाजलेला निर्माता झाला. तरीही हा अल्बम गुळगुळीत नाही. खरखर आहे, वाद्यं एकमेकांच्या अंगावर पडतात. एका गटाचं मत, रेकॉर्डिंग गढूळ आहे, काय वाजतंय ते नीट कळत नाही. दुसऱ्या गटाचं मत, हीच तर मजा आहे, एका खोलीत या लोकांबरोबर कोंडल्यासारखं वाटतं.

एकच गुण. एकाच्या वहीत लाल शाई, दुसऱ्याच्या वहीत हिरवी. तिखट चटणी विकणाऱ्यांना हे मी वेगळं सांगायला नको. दहा जण "फार तिखट" म्हणाले म्हणून मिरची कमी केली आणि मग जे वीस जण तिखटासाठीच यायचे ते गेले, हे आपल्याकडे रोज घडतं. आणि गेलेले वीस जण सांगून जात नाहीत. तक्रार करणारे समोर दिसतात, खूश असलेले डबा संपला की गुपचूप दुसरा नेतात. म्हणून तक्रारींचा आवाज कायम खऱ्यापेक्षा मोठा ऐकू येतो.

अल्बममध्ये एक गाणं जवळजवळ पंधरा मिनिटांचं आहे. त्याचं नावही इतकं लांब आहे की इथे लिहिलं तर एक ओळ जाईल. खूप जण ते पुढे ढकलतात. काही जणांसाठी तोच अल्बमचा गाभा. मी स्वतः दुसऱ्या गटातला. पण समजा मी त्यांचा सल्लागार असतो तर २००२ साली मी काय म्हटलं असतं? "कापा, पाच मिनिटांचं करा." बहुतेक सल्लागारांनी हेच म्हटलं असतं. पहिल्या मालात असा एखादा हट्ट असतो, जो पुढे कुठल्याही बैठकीत मंजूर होत नाही. पहिला माल लक्षात राहतो त्यात या हट्टाचा वाटा असतो.

आता मुख्य गोष्ट.

त्या अल्बमवर ओरडणारा गायक होता जॉश स्कोगिन. अल्बम बाहेर आला आणि काही महिन्यांतच तो बँड सोडून गेला. विचार करा. नाव नवं, बाज नवा, बाजारात जरा बस्तान बसतंय, आणि ज्याच्या गळ्यावर लोकांनी तुम्हाला ओळखलं तोच गेला. इथे वाचणाऱ्यांपैकी कितीतरी जणांचं हेच दुखणं आहे, हे मला तुमच्या फोनवरून कळतं. पार्टनर गेला. हाताला चव असलेल्या मावशी गेल्या. मुख्य कारागीर समोरच्या गल्लीत बसला.

नॉर्मा जीनने काही काळ तात्पुरत्या गायकावर कार्यक्रम केले. मग कोरी ब्रँडन आला. हा ओरडतोही आणि गातोही. त्याच्यासोबतचा पहिला अल्बम, 'ओ गॉड, द आफ्टरमाथ', २००५ मध्ये आला. पुढच्याच वर्षी 'रिडीमर' आला, आणि तो अमेरिकेच्या बिलबोर्ड २०० या यादीत पहिल्या चाळिसांत गेला. २००५ च्या अल्बमला ग्रॅमीचं नामांकनही मिळालं. संगीतासाठी नाही हं, उत्तम पॅकेजिंगसाठी! डबा-लेबलवाल्या मंडळींनी हे कापून भिंतीवर लावायला हरकत नाही.

म्हणजे आकड्यांत बघितलं तर गायक गेल्यावर बँड मोठा झाला. आणि श्रोत्यांचं मत? आजही एक मोठा गट ठामपणे म्हणतो, पहिला तो पहिलाच, स्कोगिन गेला आणि बँड संपला. वीस वर्षांत यांनी अल्बमावर अल्बम काढले, २०२२ मध्येही एक आला. तरी या गटासाठी बँड २००२ मध्येच थांबलेला आहे.

या माणसांना वेडं समजू नका. त्यांच्या म्हणण्यात दोन गोष्टी मिसळलेल्या आहेत, आणि धंदेवाल्याचं काम त्या वेगळ्या करायचं आहे.

एक गोष्ट मालाबद्दलची आहे. स्कोगिनच्या ओरडण्यात एक तुटलेपणा होता, आता आवाज फुटेल असं वाटायचं. कोरी ब्रँडनचा आवाज जास्त ताब्यातला. हा फरक खरा आहे, मोजता येण्यासारखा आहे. कुणी "मला तो फुटका आवाज हवा" म्हणत असेल तर तो नेमकं काहीतरी सांगतोय.

दुसरी गोष्ट त्याच्या स्वतःबद्दलची आहे. तो कुठल्या दारातून आत आला, ते तो सांगतोय. ज्याने २००२ मध्ये सीडी घेतली त्याला तेच घर वाटतं. आणि ज्याची ओळख २००६ मध्ये 'रिडीमर'पासून झाली, तो म्हणतो खरा नॉर्मा जीन हाच, पहिला अल्बम म्हणजे नुसता गोंगाट. दोघांनाही आपापल्या दाराचं प्रेम आहे. हे मत बदलायला तुमच्याकडे काहीच उपाय नाही, कारण त्याला परत सोळा वर्षांचं करायची सोय कुठल्याही रेसिपीत नाही.

आणि वीस वर्षांनी बोलतोय कोण, तेही बघा. २००२ मध्ये ज्यांनी दोन मिनिटं ऐकून सीडी बंद केली, ते आज त्यावर भांडायला येत नाहीत. ते कधीच निघून गेले. उरलेत ते प्रेमात पडलेले. मग उरलेल्यांची मतं गोळा केली की पहिला अल्बम सगळ्यांनाच आवडला होता असं दिसणारच. तुमच्या पहिल्या वर्षाच्या गिऱ्हाईकांचं अगदी असंच होतं. पहिल्या वर्षी ज्यांना तुमचा माल आवडला नाही, त्यांचे नंबर आज तुमच्याकडे नाहीत.

आता समजा बँडने या गटाचं ऐकायचं ठरवलं असतं, तर? पहिल्यासारखाच अल्बम काढायचा. पण करणार कोण? ज्याच्या गळ्याची मागणी आहे तो माणूस दुसरीकडे. आणि त्याने तिकडे काय केलं ते तर आणखी बघण्यासारखं आहे. स्कोगिनने द चॅरियट नावाचा बँड काढला, २००४ मध्ये त्यांचा पहिला अल्बम आला. स्टुडिओत सगळ्यांनी एकत्र, थेट वाजवून केलेला, आखूड आणि आणखी खडबडीत. पंधरा मिनिटांची गाणी तिथे नाहीत. म्हणजे खुद्द त्या गायकानेही नॉर्मा जीनचा पहिला अल्बम परत बनवला नाही. नाव एकीकडे राहिलं, गळा दुसरीकडे गेला, आणि दोन्हीकडच्यांनी मागे न बघता आपापलं काम केलं. द चॅरियट २०१३ मध्ये थांबला, त्यानंतर त्याने 'सिक्स्टी-एट' काढला, तोही वेगळाच. नॉर्मा जीन अजून चालू आहे, आणि आज त्यात त्या पहिल्या अल्बमवर वाजवणारा एकही माणूस नाही.

माझं मत विचाराल तर पहिला अल्बमच सरस आहे. त्यातला हट्ट पुढे कमी झाला, गाणी जास्त शहाणी झाली. म्हणजे "पहिलंच भारी" म्हणणाऱ्यांशी मी सहमत आहे. आणि तरीही मला वाटतं की बँडने त्यांचं ऐकलं नाही हे योग्य केलं. कारण ऐकलं असतं तर ब्रँडनला स्कोगिनची नक्कल करावी लागली असती. नक्कल कितीही चांगली झाली तरी जुन्या गटाने "तो तोच होता" म्हटलंच असतं, आणि 'रिडीमर'च्या दारातून आलेले आलेच नसते. मावशी गेल्यावर नव्या मुलीकडून मावशींच्याच हातची पुरणपोळी मागणारे आपण, त्या मुलीची सांज्याची पोळी मावशींपेक्षा चांगली होते हे विचारतसुद्धा नाही.

इथे एक अडचण आहे, ती लपवत नाही. कधी कधी "पहिलं भारी होतं" याचा अर्थ सरळ असा असतो, की तुम्ही माल हलका केलाय. तूप कमी केलं, कापडाचा पोत बदलला, क्लासला स्वतः न येता असिस्टंट पाठवायला लागलात. तेव्हा हा सगळा वरचा विचार म्हणजे स्वतःची समजूत घालणं होईल. ओळखायचं कसं? माझा एक ढोबळ नियम आहे. जुनं गिऱ्हाईक तक्रार करतंय आणि नवं गिऱ्हाईक दुसऱ्यांदा येतंय, तर बदल झालाय. जुनं तक्रार करतंय आणि नवंही दुसऱ्यांदा येत नाहीये, तर घसरण झालीय. नॉर्मा जीनच्या बाबतीत नवे लोक येत राहिले, म्हणून मी त्याला घसरण म्हणत नाही, माझी आवड काहीही असो.

आणि धर्माच्या लेबलबद्दल एक शेवटचं, कारण देवाच्या नावाने दुकान काढणारे आपल्यात निम्मे असतील. त्या लेबलने नॉर्मा जीनला एक पूर्ण कपाट मिळवून दिलं, हे खरं. पण त्या कपाटासमोरच्या मोठ्या माणसांनी मग प्रत्येक गाण्यात देव शोधला. यात उपदेश कुठे आहे, यात नाव कुठे आहे, हा गोंधळ भक्तीचा कसा? आणि बाहेरच्यांनी त्याच लेबलमुळे प्रत्येक गाण्यात उपदेश शोधला. दोन्हीकडच्यांना तो पुरेसा सापडला नाही, आणि दोन्हीकडून बोलणी बसली. लेबल जे वचन देतं ते गिऱ्हाईक मोजून घेतं, तुम्ही कुठल्या मनाने लावलं त्याला ते विचारत नाही. 'घरगुती', 'गावरान', 'आजीच्या हातचं' असं छापताना हेच लागू होतं.

तर या आठवड्याचं काम. मोबाईलमध्ये जा, गेल्या सहा महिन्यांत मिळालेल्या प्रतिक्रियांपैकी वीस निवडा, गोड-कडू दोन्ही. वहीत एकाखाली एक लिहा. प्रत्येकासमोर तीन रकाने करा: या माणसाने पहिल्यांदा कधी घेतलं, शेवटचं कधी घेतलं, आणि पैसे देणारा व वापरणारा एकच आहे का. चौथा रकाना रिकामा ठेवा. ज्यांनी "पहिलं भारी होतं" म्हटलंय त्यांना फोन करा आणि एवढंच विचारा, "नेमकं काय होतं त्यात जे आता नाही?" जो दहा सेकंदांत वस्तूचं नाव घेईल, मीठ, शिलाई, वेळ, काहीही, त्याचं उत्तर चौथ्या रकान्यात लिहा. जो "ती मजाच वेगळी होती" म्हणेल त्याच्याशी पाच मिनिटं आपुलकीने गप्पा मारा, आणि रकाना रिकामाच राहू द्या.

वहीचा फोटो पाठवायचा असेल तर नावं झाकून पाठवा. पुढच्या व्हिडिओत त्यातल्या दोन-तीन वह्या घेऊन बसू.